ज्या कामाखाली सही करता येणार नाही

ताई,
मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वय ३६. डिप्लोमा झाल्यापासून ११ वर्षं इथेच. आमच्या एका लाइनवर पार्ट उलटा बसायचा आणि रिजेक्शन फार व्हायचं. मी त्यावर एक फिक्स्चर (पार्ट नीट धरून ठेवणारा साचा) सुचवलं, टूलरूमच्या पोरांना हाताशी धरून तीन रविवार खपून बनवलं, आणि तो त्रास बंद झाला. कायझेनच्या (कामात सुधारणा सुचवण्याच्या) फॉर्मवर मात्र नाव साहेबांचं लागलं. स्पर्धेत प्रेझेंटेशन त्यांनी केलं, ढाल घेतानाचा फोटो त्यांचा, एप्रिलमध्ये प्रमोशनही त्यांचं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "अरे, हे टीमचं काम असतं."

तेव्हापासून डोकं भलतीकडेच चालतंय. कस्टमरच्या ऑडिटच्या दिवशी लाइन बंद पडेल, कारण कुणाला सापडणार नाही आणि शेवटी मलाच बोलवावं लागेल, अशी युक्ती मी शोधली आहे. तसा प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर तयार आहे, अजून टाकलेला नाही. कुणाला इजा होणार नाही हे पाहिलंय. खरं सांगू का, फिक्स्चरनंतर इतकं देखणं काम माझ्या हातून झालेलं नाही. रात्री त्याचाच विचार करत पडून राहतो आणि सकाळी स्वतःचीच भीती वाटते. बायकोला काही माहीत नाही. माझं डोकं नासलंय का? आणि हे केलं तर खरंच इतकं चूक आहे का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड
(पत्र संक्षिप्त केले आहे.)

तुमचं डोकं नासलेलं नाही. आणि हो, हे केलंत तर ते चूक आहे, फार चूक आहे. लॅपटॉपवरचा तो प्रोग्रॅम आज रात्रीच पुसून टाका. बाकीचं सावकाश बोलू, हे मात्र आज.

तुमच्यावर झालेला अन्याय खरा आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तीन रविवार तुमचे गेले, घरच्यांचेही गेले, आणि कागदावर दुसऱ्याचं नाव आलं. "मोठं मन करा", "वरचा बघतोय" असं सांगणारे तुम्हाला भेटले असतील, नसतील तर भेटतील. मी ते सांगणार नाही. ज्याचं काही गेलेलं नसतं, त्याला दुसऱ्याचं मन मोठं करायला सांगणं फार सोपं असतं.

पत्र वाचताना मी ज्या वाक्याशी थांबले ते प्रमोशनचं नव्हतं. "इतकं देखणं काम माझ्या हातून झालेलं नाही" हे ते वाक्य. तुम्हाला भीती वाटते ती रागाची नाही. राग सगळ्यांना येतो. तुम्हाला भीती वाटते ती त्या रागातून सुचलेल्या गोष्टीत आनंद वाटतो याची.

असं होणारे तुम्ही पहिले नाही. कल्पकतेचा अभ्यास करणाऱ्यांनी बरीच वर्षं गृहीत धरलं होतं की कल्पकता म्हणजे चांगलीच गोष्ट. १९९९ मध्ये क्लार्क आणि जेम्स या दोन अभ्यासकांनी वेगळा प्रश्न घेतला: माणसाला न्यायाने वागवलं तर त्याला काय सुचतं, आणि अन्यायाने वागवलं तर काय? त्यांना दिसलं ते असं की अन्याय झालेल्या माणसाची कल्पकता आटत नाही, ती वाट बदलते. २००८ मध्ये डेव्हिड क्रॉपली, जेम्स कॉफमन आणि आर्थर क्रॉपली यांनी याच्याही पुढची पायरी वेगळी काढली. काम टाळायची किंवा भत्ता जास्त लावायची नवी युक्ती काढणं, जिच्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसतो, ते एक. आणि दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणूनच डोकं चालवणं, हे दुसरं. मराठीला हे फार पूर्वीपासून ठाऊक असावं. एखाद्याला आपण 'डोकेबाज' म्हणतो, तेव्हा त्यात कौतुकही असतं आणि जरा जपून राहा असंही असतं. तुम्ही आत्ता त्या दोन पायऱ्यांच्या मधोमध उभे आहात. मलाच बोलवावं लागेल, ही इच्छा पहिल्या पायरीची. ऑडिटचाच दिवस निवडला, ही दुसरीची.

आता एका प्रयोगाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो तुमच्यासारख्याच कारखान्यांत झाला. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. एकाच कंपनीचे तीन कारखाने, छोटे यांत्रिक सुटे भाग बनवणारे. मोठी कंत्राटं हातची गेली म्हणून दोन कारखान्यांत सगळ्यांचा पगार १० आठवड्यांसाठी १५ टक्क्यांनी कापला. तिसऱ्यात कापला नाही. पगार कापलेल्यांपैकी एका कारखान्यात कंपनीच्या प्रमुखाने सगळ्यांना बोलावलं, तासदीड तास बसून हिशेब दाखवला, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्यात पाव तासात निर्णय सांगितला आणि बैठक संपली. त्या १० आठवड्यांत दोन्ही कारखान्यांतून सामान चोरीला जाण्याचं प्रमाण वाढलं. पण जिथे पाव तासात उरकलं, तिथे ते कितीतरी जास्त वाढलं. पगार पुन्हा पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही खाली आल्या.

कापलेला पैसा दोन्हीकडे सारखा होता. फरक पडला तो कामगाराला समोर बसवून सांगण्याच्या लायकीचा समजलं की नाही, याचा. म्हणून मला वाटतं, तुमच्या साहेबांनी फॉर्मवर नाव घातलं त्या दिवशी हे सगळं सुरू झालं नसावं. ते सुरू झालं "अरे, हे टीमचं काम असतं" या वाक्यापाशी. तुम्ही धीर करून विचारायला गेलात आणि त्यांनी पाव ताससुद्धा दिला नाही. त्यांनी तुम्हाला सरळ सांगितलं असतं, "चुकलं माझं, पुढच्या वेळी दुरुस्त करतो," तर हा प्रोग्रॅम लिहिला गेला असता का? स्वतःलाच विचारून बघा.

अशा रात्री माणसाला युक्ती कशी सुचते, याचं सगळ्यात जुनं आणि नेमकं वर्णन मला महाभारतात सापडतं. युद्ध संपलेलं आहे. अश्वत्थाम्याच्या बापाला खोटं बोलून शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मग मारलं. हा अन्याय कुणीही नाकारत नाही, ज्यांनी केला तेही नाकारत नाहीत. रात्री तो, कृपाचार्य आणि कृतवर्मा एका वडाखाली पडले आहेत. दोघांना झोप लागते, याला लागत नाही. त्या वडावर कावळे झोपलेले असतात. अंधारात एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारतं. अश्वत्थामा ते बघतो आणि त्याला सुचतं. तोवर १८ दिवसांत कुणाला सुचलं नव्हतं ते: झोपलेल्या छावणीत शिरायचं.

कृपाचार्य त्याचा मामा. तो उठवल्यावर सांगतो की आज झोप, सकाळी थोरांना विचारू, मग लढायचं तर आम्ही बरोबर आहोत. अश्वत्थामा उत्तर देतो की रागावलेल्याला कुठली झोप. आणि पुढे होतं ते असं की ज्या मामाने हे सांगितलं, तोच त्याच्यासोबत छावणीच्या दारापर्यंत जातो आणि पळून येणाऱ्यांना मारायला दाराशी उभा राहतो. सल्ला देणारी म्हणून हा भाग मला फार अस्वस्थ करतो.

त्या रात्री धृष्टद्युम्न मारला गेला, ज्याने द्रोणाचं डोकं उडवलं होतं. पण त्याच रात्री द्रौपदीचे पाच मुलगेही गेले. द्रोणाशी खोटं बोलले ते त्यांचे वडीलधारे. या पोरांनी नव्हे. खोटं बोललेले पांडव तर त्या रात्री छावणीत नव्हतेच.

आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते. लोक मानतात की अश्वत्थामा तिथे अजून आहे, कपाळावरच्या भळभळत्या जखमेला तेल मागत फिरतो. त्याच्यावर अन्याय झाला, हे त्या गोष्टीत आज कुणी सांगत बसत नाही. त्याने काय केलं तेवढंच शिल्लक राहिलं आहे.

तुम्ही लिहिता की कुणाला इजा होणार नाही हे पाहिलंय. तुम्ही ११ वर्षं मेंटेनन्सला आहात, म्हणून हे मी तुम्हाला विचारू शकते: लाइन अचानक थांबली की आधी कोण धावतं? साहेब धावत नाहीत. मशीनवरचा ऑपरेटर धावतो, बहुतेक वेळा कंत्राटावरचा, आणि अडकलेला पार्ट काढायला हात आत घालतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बोटं गेलेली माणसं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. मशीन का थांबलं हे ज्याला माहीत आहे असा एकच माणूस कारखान्यात असेल, आणि तो गप्प असेल. यात तुम्ही नक्की काय पाहून ठेवलंय?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मारूची नावाचा भाग आहे. तिथल्या सांडपाण्याच्या पंपांवर रेडिओने चालणारी यंत्रणा ज्या कंपनीने बसवली, तिच्यातला एक तंत्रज्ञ ते काम सोडून निघाला. मग त्याने तिथल्या स्थानिक परिषदेकडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. २००० सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तो लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन गाडीतून फिरत पंपांना खोट्या आज्ञा देत राहिला. पंप बंद पडायचे, सूचना योग्य जागी पोचायच्या नाहीत, आणि कारण बराच काळ कुणाला उमगेना. सुमारे ८ लाख लिटर मैला बागांमध्ये, ओढ्यांमध्ये आणि एका हॉटेलच्या आवारात गेला. ओढ्यातले जलचर मेले. त्याला नोकरी नाकारणाऱ्या खुर्च्यांपर्यंत त्यातलं काय पोचलं असेल? दुर्गंधी सोसली ती ओढ्याकाठच्या घरांनी. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत त्याआधी, १९९६ मध्ये, एका कंपनीचं संगणकाचं जाळं ज्याने उभं केलं त्यालाच बाजूला सारलं गेलं, मग काढून टाकलं. त्याने आत आधीच पेरून ठेवलेल्या प्रोग्रॅमने ३१ जुलैला कारखान्याची सगळी सॉफ्टवेअर पुसून टाकली. कंपनीचं नुकसान एक कोटी डॉलरच्या वर गेलं आणि ८० माणसांची नोकरी गेली. त्याला ४१ महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्याला ज्यांनी दुखावलं ते त्या ८० जणांत होते, असं मानायला काहीच आधार नाही.

आणि एक माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात होते. चार महिने राबून केलेला अहवाल वरिष्ठांनी स्वतःच्या नावाने पुढे पाठवला. मी भांडले नाही. पुढच्या अहवालातल्या एका तक्त्यात मी मुद्दाम एक आकडा बदलला, असा की वरवर चाळणाऱ्याला कळू नये आणि बैठकीत कुणी विचारलं तर वरिष्ठांची त्रेधा उडावी. तो आकडा शोधताना मलाही तुमच्यासारखाच आनंद झाला होता, हे मला आठवतं. बैठकीत चूक सापडली. वरिष्ठांनी सांगितलं, टायपिंगची चूक आहे. टायपिंग करणारी मुलगी रोजंदारीवर होती. पुढच्या महिन्यात तिला बोलावलं नाही. मी गप्प बसले. तिला मी नंतरही कधी सांगितलं नाही, आणि आज सांगायचं ठरवलं तरी ती कुठे आहे मला माहीत नाही.

म्हणून तुमच्या युक्तीत मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खुपते ती सांगते. तुमची तक्रार काय? तुमच्या कामावर तुमचं नाव नाही. आणि आता तुम्ही असं काम करायला निघालात ज्यावर तुमचं नाव कधीच येता कामा नये. ते जितकं चांगलं जमेल, तितकं ते कुणाला कळणार नाही. फिक्स्चर चोरीला गेलं, पण टूलरूमच्या पोरांना तरी माहीत आहे की ते तुमचं आहे. हा प्रोग्रॅम तुम्ही स्वतःच, स्वतःच्या हाताने, अनामिक करून ठेवणार. साहेबांनी एकदा जे केलं तेच तुम्ही दुसऱ्यांदा स्वतःला कराल. आणि कळलंच, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग त्या कारखान्यात फिक्स्चर कुणी बनवलं होतं, हे कुणीही विचारणार नाही.

आता काय करायचं ते.

प्रोग्रॅम पुसल्यावर बायकोला सांगा. सगळं, प्रोग्रॅमसकट. तुम्ही रात्री जागे असता हे तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही, फक्त का ते माहीत नसेल. झोप त्यानंतरही परतली नाही तर डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

मग कागद गोळा करा. घरी काढलेली चित्रं, त्या तीन रविवारच्या गेटवरच्या नोंदी, टूलरूमचं जॉब कार्ड, व्हॉट्सॲपवर पाठवलेले ट्रायलचे फोटो. एका पानावर तारखांसह मांडा, विशेषणं न वापरता. ते पान घेऊन साहेबांच्या वरच्या माणसाकडे वेळ मागा, साहेबांना तसं सांगून. पहिल्या भेटीत पैशाचं काढू नका. एकच मागा: कायझेनची नोंद दुरुस्त व्हावी. भेट झाल्यावर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी मेल करून ठेवा. कंपनीने या फिक्स्चरच्या पेटंटसाठी अर्ज केला असेल तर तेही विचारा. पेटंट कंपनीचं असलं तरी शोधक म्हणून नाव लागावं अशी मागणी करायची सोय १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे, आणि तिला मुदत असते, म्हणून वकिलाला लवकर भेटा.

आणि त्या मागणीत टूलरूमच्या पोरांची नावं घाला. पत्रात तुम्ही त्यांना 'पोरं' म्हणून एका शब्दात उरकलं आहे. तीन रविवार त्यांचेही गेले. "टीमचं काम" हे साहेबांचं वाक्य खोटं नव्हतं, त्यांनी ते टीमला गाळून वापरलं. तुम्ही ते पुरं करून त्यांच्यासमोर ठेवा: टीमचं काम आहे ना, मग सगळ्यांची नावं लिहा. याला नाही म्हणणं "माझं नाव का नाही" याला नाही म्हणण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. शिवाय मग तुम्ही त्या खोलीत एकटे नसाल.

इतकं करूनही उत्तर पाव तासातच मिळालं, तर मात्र मी तुम्हाला तिथे टिकून राहा म्हणणार नाही. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथे ११ वर्षांच्या मेंटेनन्सच्या माणसाला विचारणारे आहेत. कंपनीची ड्रॉइंग बरोबर नेऊ नका. ज्या हातांनी ती काढली ते हात तुमचेच आहेत.

ती लाइन कशी बंद पाडता येईल हे शोधताना तुम्हाला कारखान्याच्या पुष्कळ कच्च्या जागा दिसल्या असणार. बॅकअप कुणाकडे आहे, पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, प्रोग्रॅममध्ये कुणी काय बदललं याची नोंद राहते का. मारूचीचं प्रकरण आज जगभर अशा यंत्रणा सांभाळणाऱ्यांना शिकवलं जातं ते याच कच्च्या जागांसाठी. तुम्ही तिथे राहिलात तर या जागा बंद कशा करायच्या हे लिहून द्या, खाली तुमची सही करून. पण आत्ता नको. नोंदीचा निकाल लागू द्या, राग ओसरू द्या. नाहीतर तो कागद धमकीसारखा वाचला जाईल, आणि कदाचित तो तसाच लिहिलाही जाईल.

तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यातलं दीड पान बदल्याच्या युक्तीला गेलं आहे, आणि फिक्स्चरवर दोनच ओळी आहेत. पार्ट उलटा का बसत होता आणि तुम्ही तो कसा अडवलात, हे मला त्यावरून काही समजलं नाही. पुढच्या पत्रात तेवढंच लिहा, आणि चित्र काढून पाठवा.